क्रॉस स्लाइडचा नट वारंवार का झिजतो: जुन्या लेथसाठी नवा नट बनवताना तपासायच्या गोष्टी

भोसरी आणि चिंचवडच्या गाळ्यांमध्ये किंवा पेठांतल्या एखाद्या वाड्याच्या तळमजल्यावर अजूनही चालणाऱ्या जुन्या लेथची एक तक्रार ठरलेली असते. क्रॉस स्लाइडचे, म्हणजे टूल जॉबच्या दिशेने आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचे, हँडल फिरवले की पाऊण फेरा होईपर्यंत स्लाइड हलतच नाही, पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल अचानक जॉबमध्ये ओढले जाते आणि व्यासाचे माप दोन जॉबमध्ये सारखे येत नाही. मग गनमेटलचा नवा नट बनवून बसवला जातो, काही महिने काम छान चालते आणि तोच प्ले (मोकळी चाल) पुन्हा येतो. दुसऱ्या खेपेस दोष धातूवर जातो, तिसऱ्या खेपेस तो नट बनवणाऱ्या टर्नरवर जातो. मात्र नट ज्या स्क्रूवर चालतो त्या स्क्रूचा पिच (दोन लगतच्या आट्यांमधले अंतर) कोणीही मोजलेला नसतो. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा तक्रारींमध्ये धातू निकृष्ट असल्याची उदाहरणे थोडी आणि नटाचे आटे स्क्रूशी न जुळणारे असल्याची उदाहरणे अधिक आहेत, म्हणून पुढील विवेचनात सर्वाधिक जागा त्या मुद्द्यालाच दिली आहे.

प्ले नेमका कुठे आहे

हँडलवर जाणवणारा सगळा प्ले नटाचा नसतो. बहुतेक लेथवर नट स्लाइडला बोल्टने जोडलेला असतो आणि स्क्रू सॅडलच्या (स्लाइडला खालून धरणाऱ्या भागाच्या) पुढच्या ब्रॅकेटमध्ये कॉलरने धरलेला असतो. तो फक्त जागच्या जागी फिरतो, पुढे-मागे सरकत नाही. ही कॉलर किंवा तिच्या मागचा वॉशर झिजला असेल तर स्क्रूच स्वतः पुढे-मागे होतो, आणि कितीही उत्तम नट बनवला तरी हा प्ले तसाच राहतो. दोन्ही वेगळे करण्याची पद्धत सोपी आहे. गिब पट्टीचे (स्लाइडची बैठक घट्ट-सैल करणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळून स्लाइड पक्की बांधावी, स्क्रूच्या हँडलकडील टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक लहान छर्रा चिकटवावा आणि डायल गेजचा सपाट स्पर्शक त्या छऱ्यावर टेकवावा. आता हँडल हलक्या हाताने एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, अडेपर्यंत फिरवावे. डायल गेजचा काटा जितका हलेल तितका प्ले कॉलरचा आहे, आणि हँडलच्या डायलवर मोकळ्या गेलेल्या रेघांमधून तो वजा केल्यावर जे उरेल ते नट आणि स्क्रू यांचे आहे. समजा हँडलवर १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोकळे जातात आणि छऱ्यावरचा काटा ६ थाऊ दाखवतो. तर नटाच्या वाट्याला १२ थाऊ येतात आणि उरलेल्या ६ थाऊंसाठी नटाला हात लावण्याचे कारण नाही, कॉलरमागे योग्य जाडीचा वॉशर टाकून ते काम भागते.

यानंतर गिब पुन्हा नेहमीइतकी सैल करून नटाचा प्ले तीन ठिकाणी मोजावा: स्लाइड अगदी पुढे असताना, रोजचे काम जिथे होते त्या मधल्या भागात, आणि स्लाइड अगदी मागे असताना. तिन्ही ठिकाणी आकडा सारखा आला तर नट झिजला आहे. मधे जास्त आणि दोन्ही टोकांना कमी आला तर मधल्या भागातला स्क्रूही झिजला आहे, आणि केवळ नट बदलून मधला प्ले जाणार नाही. एक गोष्ट येथेच नमूद करणे योग्य होईल. तिन्ही ठिकाणी सारखाच असलेला थोडासा प्ले हा रोग नव्हे. टर्नर कट नेहमी एकाच दिशेने लावत असेल तर १० थाऊंचा प्ले असलेल्या लेथवरही माप अचूक निघते. पार्टिंगमध्ये टूल ओढले जाऊ लागले किंवा प्लेचा आकडा महिन्या-दोन महिन्यांत वाढू लागला, की मात्र कारण शोधलेच पाहिजे.

जुना नट उभा कापून पाहावा

काढलेला नट सहसा भंगाराच्या डब्यात जातो, आणि तोच सगळ्यात बोलका पुरावा असतो. तो हॅक्सॉने भोकाच्या लांबीत उभा दोन भागांत कापावा, रॉकेलने धुवावा आणि उजेडात तिरका धरून आट्यांच्या बाजू एकेक करून पाहाव्यात. नट सरळ वापरामुळे झिजला असेल तर सगळ्या आट्यांच्या एकाच बाजूला सारखी चकाकी आणि सारखा पातळपणा दिसतो. अशा नटाने आपले आयुष्य पूर्ण केले आहे, त्याच मापाचा दुसरा बनवावा.

वारंवार झिजणाऱ्या नटात हे चित्र वेगळे असते. पुढच्या टोकाच्या एक-दोन आट्यांची एक बाजू आरशासारखी घासलेली असते, मागच्या टोकाच्या एक-दोन आट्यांची विरुद्ध बाजू तशीच घासलेली असते, आणि मधल्या पाच-सहा आट्यांवर टूलच्या मूळ रेघा जशाच्या तशा असतात. त्यांना स्क्रूने कधी स्पर्शच केलेला नसतो. असे दिसले की नटाचा पिच आणि स्क्रूचा पिच वेगळा आहे असे खुशाल समजावे.

हे घडते कसे ते पाहू. जुन्या इंग्रजी बनावटीच्या आणि त्यांच्या धर्तीवर आपल्याकडे बनलेल्या अनेक लेथचे क्रॉस स्लाइड स्क्रू इंची मापाचे आहेत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण यंत्रे काही कायद्याबरोबर बदलत नाहीत, आणि त्या काळातले लेथ हाताबदली होत आजही चालू आहेत. इंचाला ५ आटे असलेल्या स्क्रूचा पिच ५.०८ मि.मी. असतो. व्हर्निअर एका आट्यावर लावला तर तो जवळजवळ ५ दाखवतो, आणि ज्याचे सगळे काम मेट्रिकमध्ये चालते तो टर्नर निःशंकपणे गिअर बॉक्स ५ मि.मी. पिचवर लावतो. एका आट्याला फरक ०.०८ मि.मी. इतकाच असला तरी ४४ मि.मी. लांबीच्या नटात तो आठ वेळा साचतो आणि ०.६४ मि.मी. होतो. नट स्क्रूवर चढत नाही, म्हणून टर्नर बारीक कट घेत आटा रुंद करत जातो, आणि एका क्षणी स्क्रू आत जातो. तो क्षण फसवा असतो. पुढच्या टोकाचा आटा एका बाजूने टेकलेला आणि मागच्या टोकाचा विरुद्ध बाजूने टेकलेला, त्यामुळे नट हाताला छान घट्ट लागतो, प्ले जवळपास शून्य येतो आणि मालक खूश होऊन पैसे देतो. प्रत्यक्षात कटाचा सगळा भार प्रत्येक दिशेला एका आट्यावर पडलेला असतो. आठ आट्यांनी वाटून घ्यायचे ओझे एकटा आटा किती दिवस सोसणार?

इंचाला १० आटे असतील तर पिच २.५४ मि.मी. येतो आणि २.५ च्या नटाशी त्याची नेमकी हीच गत होते, कारण दोन्हीकडे चूक लांबीच्या १.६ टक्के इतकीच आहे. इंचाला ६ किंवा ४ आटे असलेल्या स्क्रूंमध्ये हा घोटाळा सहसा होत नाही, ४.२३३ आणि ४, किंवा ६.३५ आणि ६, यांतला फरक इतका मोठा आहे की नट चढतच नाही आणि चूक तिथेच उघडकीला येते.

म्हणून पिच एका आट्यावर मोजू नये. स्क्रू बाहेर काढलेला असेल तर त्याच्या न वापरलेल्या टोकाकडे दहा आट्यांचे अंतर, एकाच बाजूपासून एकाच बाजूपर्यंत, मोजावे: ५०.८ आले तर इंची, ५० आले तर मेट्रिक. स्क्रू लेथवरच असेल तर हँडल एकाच दिशेने दहा पूर्ण फेरे फिरवून स्लाइड किती सरकली ते व्हर्निअरने पाहावे. हँडलच्या डायलवर विसंबू नये. जुना बाजारातून आणलेले किंवा दुसऱ्या लेथवरून काढलेले डायल बसवलेली यंत्रे सर्रास दिसतात, आणि त्यावरच्या रेघा स्क्रूबद्दल काहीच सांगत नाहीत. कंपाउंड स्लाइडचा (क्रॉस स्लाइडवर बसणाऱ्या लहान स्लाइडचा) स्क्रू इंची आहे म्हणून क्रॉस स्लाइडचाही तसाच असेल, असेही धरून चालू नये.

आट्याच्या आकाराबद्दल मात्र लोक उगाच जास्त काळजी करतात. अ‍ॅक्मे आट्याचा (तिरप्या बाजूंच्या इंची आट्याचा) कोन २९ अंश आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडलचा ३० अंश असतो. एका बाजूला पडणारा फरक अर्ध्या अंशाचा, म्हणजे अडीच मि.मी. खोलीत जेमतेम दोन शतांश मि.मी. इतका आहे, आणि काही दिवसांच्या वापरात तो आपोआप जुळून जातो. पिचची चूक अशी जुळून जात नाही. जुन्या स्क्रूवर चौकोनी आटा असेल तर टूल अर्थातच चौकोनीच घासावे लागेल.

पिच बरोबर असूनही झिजणारे नट

कापलेल्या नटात चकाकी सगळ्या आट्यांवर असेल, पण फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या अर्ध्या भागात असेल, तर नटाचे सेंटर आणि स्क्रूचे सेंटर एका उंचीवर नाही. लेथ ग्राइंड किंवा स्क्रेप करून आणल्यानंतर हा दोष हमखास येतो, कारण स्लाइडच्या बैठकीतून जितके मटेरियल निघते तितकी स्लाइड खाली बसते आणि तिच्याबरोबर नटही खाली जातो, तर स्क्रू ब्रॅकेटमध्ये आपल्या जुन्याच उंचीवर असतो. स्लाइड मागे असताना स्क्रूचे मोकळे टोक थोडे वाकून सांभाळून घेते, मात्र ती पुढे ब्रॅकेटजवळ आली की वाकायला लांबी उरत नाही आणि हँडल जड होते. हँडल फक्त पुढच्या भागात जड लागत असेल, तर नट न काढताही हे निदान करता येते.

तेलाचे कारण सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दुर्लक्षित राहते. स्लाइडवरचे तेलाचे भोक चिपांनी बुजलेले असते, वरून तेल घातले की ते बाजूने ओघळून जाते आणि नट कोरडाच चालतो. बिडाचे काम करणाऱ्या लेथवर तर बिडाची भुकटी तेलात कालवून घासणीची पेस्टच तयार होते. अशा लेथवर स्क्रूवर पत्र्याचे झाकण आणि नटाच्या तोंडाशी नमद्याची चकती लावल्याशिवाय कोणताही नट टिकणार नाही.

धातूबद्दल थोडक्यात इतकेच. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ योग्य. पितळ लवकर झिजते. दुकानदाराने दिलेला रॉड गनमेटल म्हणून असला तरी कानस मारून रंग पाहावा, पिवळाजर्द निघाला तर तो पितळेचा आहे. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ अधिक कठीण असते म्हणून ते बसवण्याचा मोह होतो, पण मऊ पोलादाच्या जुन्या स्क्रूवर ते स्क्रूलाच खाते, आणि स्क्रू बनवणे नटाच्या कितीतरी पट खर्चाचे असते.

नट बनवताना

उदाहरणासाठी पाऊण इंची, इंचाला ५ आट्यांचा डावा अ‍ॅक्मे स्क्रू घेऊ. क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुतेक वेळा डाव्या आट्याचाच असतो, कारण स्क्रू जागेवर राहून नट सरकतो आणि हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर स्लाइड आपल्यापासून दूर जायला हवी असते. सवयीने उजवा आटा पाडून ठेवलेले सुंदर नट मी भंगारात पाहिले आहेत.

या स्क्रूचा बाहेरचा व्यास १९.०५ मि.मी. आहे. नटाचे बोअर १३.९७ मि.मी. ठेवावे, आटा १९.५६ मि.मी. व्यासापर्यंत खोल जावा, आणि टूलच्या टोकाची रुंदी १.७५ मि.मी. असावी. आट्याचा तिरकसपणा साधारण साडेपाच अंश येतो, त्यामुळे टूल ज्या दिशेने पुढे जाते त्या बाजूला त्याहून दोन-तीन अंश जास्त क्लिअरन्स घासावा लागतो. उजव्या आट्यासाठी घासून ठेवलेले टूल येथे चालणार नाही. त्याची पाठ आट्याला घासेल आणि बाजू खरखरीत निघेल.

लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असेल तर ४० आणि ५० दातांच्या गिअरने काम होते. लीड स्क्रू ६ मि.मी. पिचचा असेल तर गुणोत्तर १२७ ला १५० येते आणि १२७ दातांचा गिअर लागतो. तो नसेल तर काम अडत नाही. ८० आणि ६३ दातांची जोडी, तिच्यासोबत ४० आणि ६० ची जोडी, असे लावले तर पिच ५.०७९४ मि.मी. मिळतो, नटाच्या पूर्ण लांबीत त्याची चूक अर्ध्या शतांशाच्या आसपास राहते आणि ती कोणाला मोजूनही सापडणार नाही. गिअर चढवल्यावर आधी एका भंगार शाफ्टवर नुसती रेघ मारून दहा आट्यांचे अंतर मोजावे आणि मगच गनमेटलला टूल लावावे.

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम नटाची बैठक आणि स्लाइडच्या भोकात जाणारा खुंट पूर्ण करावा, बोअरला हात लावू नये. असा भरीव नट स्लाइडला बोल्टने बसवावा. ब्रॅकेटच्या भोकात अचूक बसणारा, टोक ६० अंशांनी टोकदार केलेला एक तुकडा टर्न करून तो ब्रॅकेटमधून आत घालावा, स्लाइड हाताने पुढे ढकलून नट त्या टोकाला भिडवावा आणि तुकड्यावर हलका ठोका द्यावा. नटावर पडलेली खूण हेच स्क्रूचे खरे सेंटर, मग जुन्या नटाचे माप काहीही असो. ग्राइंड झालेल्या लेथचा उंचीचा दोष येथेच निकालात निघतो. आता नट फोर-जॉ चकमध्ये धरून खूण डायल गेजने सेंटरला आणावी, आणि डायल गेज बैठकीच्या सपाट बाजूवर लांबीत फिरवून ती बाजू लेथच्या अक्षाला समांतर आहे याची खात्री करावी. ही दुसरी तपासणी वगळली तर आटे उत्तम निघूनही नट स्क्रूवर तिरका बसतो.

ज्या लेथचा नट बनवायचा आहे त्याच लेथवर काम करायचे असेल तर बोअर आणि आटे पूर्ण होईपर्यंत जुना नट जागेवर हवा, म्हणून खूण मारून झाली की तो परत चढवावा. कट नेहमी एकाच दिशेने लावला तर झिजलेला नटही हे काम निभावून नेतो. नाहीतर शेजारच्या गाळ्यातला लेथ मागावा. एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी अशाच कामांना उपयोगी पडते.

डाव्या आट्यासाठी चक सरळ फिरत असताना टूल चककडून टेलस्टॉककडे येते, म्हणजे सुरुवात भोकाच्या आतल्या टोकाला होते. त्यासाठी नट जबड्यांपासून आठ-दहा मि.मी. पुढे धरून ठेवावा, टूल नटाच्या मागच्या मोकळ्या जागेत नेऊन तेथे कट लावावा आणि मग बाहेर आणावे. टूल बाहेर येत असल्याने ते चकवर आदळण्याची भीती राहत नाही, हा डाव्या आट्याचा एक फायदाच आहे. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटा पाडताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभागी नट) मधे उघडू नये. टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवावी. वेग मिनिटाला ५० फेऱ्यांच्या आसपास पुरे.

चौदा मि.मी. भोकात बोअरिंग बार दहा मि.मी. हून जाड जात नाही, आणि इतका बारीक बार शेवटच्या कटांना थरथरतो. त्यामुळे सिंगल पॉइंट टूलने प्रत्येक बाजूला दहा-पंधरा शतांश मटेरियल राखून आटा पाडावा आणि अखेरचे काम टॅपने करावे. टॅप विकत शोधण्यात अर्थ नाही, तो त्याच गिअरवर ओएचएनएस (तेलात कठीण होणाऱ्या पोलादाच्या) रॉडमधून बनवावा: पहिले पाच-सहा आटे निमुळते, तीन फ्लूट (चिपा निघण्याच्या खाचा), ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवलेला आणि फिकट पिवळा रंग येईपर्यंत टेंपर केलेला. नट चकमध्येच असताना टॅप टेलस्टॉकच्या सेंटरला टेकवून पान्याने हाताने फिरवावा. टॅप आणि सिंगल पॉइंटचा आटा एकाच गिअरवर पाडलेले असल्याने दोघांच्या पिचमध्ये तफावत राहत नाही.

बसवताना आणि बसवल्यावर

नट स्क्रूच्या न वापरलेल्या टोकावर हाताने, पातळ तेलासह, न अडखळता चढला पाहिजे आणि तिथे दोन थाऊंइतका प्ले असावा. बोल्ट आधी सैल ठेवून स्लाइड पूर्ण पुढे, ब्रॅकेटजवळ आणावी आणि तेथे बोल्ट आवळावेत. मागच्या टोकाला आवळले तर स्क्रू वाकलेल्या स्थितीत अडकतो. त्यानंतर पूर्ण चाल फिरवून पाहावी. पुढे जड वाटले तर नट आणि स्लाइडमध्ये पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून किंवा बैठक किंचित घासून उंची जुळवावी.

मधल्या भागात स्क्रू १० थाऊंपेक्षा जास्त झिजलेला असेल तर माझ्या मते नटाच्या आधी स्क्रूचे काम करावे. दोन तुकड्यांचा, आवळता येणारा नट हा त्यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो, परंतु तो मधे बरोबर आवळला की टोकांना अडकतो आणि टोकांना मोकळा ठेवला की मधे प्ले तसाच राहतो. ईएन ८ च्या (मध्यम कार्बन पोलादाच्या) शाफ्टमधून नवा स्क्रू ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलबरोबर सरकणारा आधार) लावून बनवणे हा सरळ मार्ग आहे. तेवढा खर्च करायचा नसेल तर जुन्या स्क्रूचीच खाच सबंध लांबीत एकसारखी रुंद होईपर्यंत दोन्ही बाजूंनी हलके कट घ्यावेत आणि नटाचा आटा त्या रुंद खाचेला पुरेल इतका जाड ठेवावा. त्यासाठी नटातले टूल तेवढेच अरुंद घासावे लागते आणि टॅपही त्याच मापाचा लागतो. स्क्रूचा पिच यात बदलत नाही, फक्त आटा बारीक होतो, आणि हलक्या कामाच्या लेथवर तो पुरेसा मजबूत राहतो.

पहिल्या महिन्यानंतर छऱ्याची चाचणी आणि तीन ठिकाणची मोजणी पुन्हा करावी. नव्या नटाचा प्ले सुरुवातीला एखाद-दोन थाऊ वाढतो आणि थांबतो. तो वाढतच राहिला तर आधी तेलाचे भोक उघडून पाहावे, नंतर हँडल पुढच्या भागात जड लागते का ते पाहावे, आणि तिथेही काही सापडले नाही तर पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे.